गव्हाणीतला पेंढा कमी होतोय

माझा धंदाच संशयाचा. कळंबोलीत एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे मी मालाची आवक-जावक बघतो. लोखंडी सळ्या, पत्र्याची बंडलं ट्रकमध्ये चढतात, काट्यावर वजन होतं, ताडपत्री बांधली जाते आणि दोन दिवसांनी पलीकडून फोन येतो की साहेब, माल कमी भरलाय. वीस वर्षं हे ऐकून माझी अशी गत झालीय की घरातल्या डब्यातली बिस्किटं जेवढ्यास तेवढी असली, तर मला उलट जास्त काळजी वाटते. बायको म्हणते, प्रार्थनेतसुद्धा यांचा एक डोळा किलकिला असतो. खोटं नाही. मागच्या बाकावर माझं हेल्मेट असतं.

तर असल्या माणसाच्या घरात गेल्या नाताळाला गव्हाणीतला पेंढा कमी व्हायला लागला.

आधी गव्हाणीचं सांगतो. माझी बायको वसईची, कॅथलिक. मी नगरकडचा, प्रोटेस्टंट; आमच्यात पाळकसाहेब, उपासना आणि नाताळाला खणखणीत गाणी. गोठा-बिठा फारसा नाही. लग्न झाल्यावर बायकोने माहेराहून जे काही आणलं त्यात हातभर लांबीची एक लाकडी गव्हाण होती आणि तिच्यासोबत एक रीत होती. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे नाताळाच्या चारेक आठवडे आधी, दर रविवारी एक अशा चार मेणबत्त्यांतली पहिली, जांभळी, लावायची आणि गव्हाण रिकामी मांडायची. मग रोज संध्याकाळच्या प्रार्थनेला, ज्याने दिवसात काही चांगलं केलं असेल त्याने पेंढ्याची एक काडी तिच्यात टाकायची. काय केलं ते सांगायचं नाही. कुणी विचारायचं नाही. चोवीस तारखेच्या संध्याकाळी त्या पेंढ्यावर बाळ येशूची मूर्ती निजवायची. घरातली माणसं जेवढी बरी वागली असतील तेवढी बाळाची गादी मऊ.

वसईला त्यांच्या घरचं भात होतं, पेंढ्याला तोटा नव्हता. नेरूळच्या चौथ्या मजल्यावर पेंढा आणायचा कुठून? ते खातं माझ्याकडे आलं. मी मे महिन्यात आंब्याच्या पेटीतला पेंढा झटकून, उन्हात घालून, पिशवीत भरून बाथरूमवरच्या माळ्यावर ठेवतो. डिसेंबरात पिशवी उघडली की घरभर शिळ्या हापूसचा वास सुटतो. माझी आई पहिल्या वर्षी नाक वर करून म्हणाली होती, बेथलेहेम रत्नागिरीत होतं हे आम्हाला मिशनच्या शाळेत कुणी शिकवलं नाही.

रीत गोड आहे, पण तिच्यात कंट्रोल नाही. त्याच्या आदल्या वर्षी माझ्या मुलीने पंखा बंद केला, एक काडी. लिफ्टचं दार धरून ठेवलं, एक काडी. भावनेच्या भरात वॉचमनला गुड मॉर्निंग म्हटलं, एक काडी. गव्हाण अशी फुगली की चोवीस तारखेला बाळ घसरून थेट शेजारी मांडलेल्या मातीच्या उंटाच्या पायाशी. म्हणून गेल्या वर्षी मी एक सुधारणा आणली. चांगल्याची काडी आत, तर वाइटाची काडी बाहेर. ज्याच्या हातून काही चुकेल त्याने आपणहून एक काडी काढायची. आणि नुसतं कृतीने नाही. मी मेणबत्तीसमोर उभा राहून आवाज भारदस्त करून सांगितलं, “विचाराने, शब्दाने आणि कृतीने.”

बायको म्हणाली, वसईत असलं कुणी करत नाही. मुलगी म्हणाली, हे मायनस मार्किंग आहे. आईने नुसती मान हलवली. ती नगरच्या मिशन हॉस्पिटलात पस्तीस वर्षं सिस्टर होती. नियम ऐकला की मान हलवायची आणि तो पाळायचा, एवढंच तिला येतं.

त्याच पहिल्या रविवारी दुपारी मी आणखी एक कामगिरी उरकली होती. मुलीचं बारावीचं वर्ष, आणि आमच्या दोन बेडरूमच्या घरात आई तिच्या खोलीत झोपते. आई पहाटे साडेचारला उठते आणि अर्ध्या आवाजात प्रार्थना करते. अर्धा आवाज म्हणजे वॉर्डाच्या शेवटच्या खाटेपर्यंत जाईल एवढा. पोरीची झोप मोडत असणार, असं मी धरून चाललो होतो. तेव्हा गॅलरीत नाताळाची चांदणी टांगता टांगता, स्टुलावर चढून, कान-खांद्यात फोन दाबून मी नगरला थोरल्या भावाशी बोललो आणि ठरवून टाकलं. नवीन वर्षाच्या पहिल्या आठवड्यात आईला त्याच्याकडे सोडायचं, कायमचं. आईला नाताळ झाल्यावर सांगायचं. सण कशाला नासवा. बायकोचं म्हणणं होतं की आधी त्यांना विचारा. मी म्हटलं, अगं, विचारायचं काय त्यात, तिच्याच सोयीचं आहे. आणि त्या संध्याकाळी गव्हाणीत पहिली काडी मी टाकली. आईची व्यवस्था लावली, त्या पुण्यकर्माची.

आई माझ्या काडीकडे बघत होती. मला वाटलं, मेणबत्तीकडे बघतेय.

पहिले दोन दिवस मी लक्ष दिलं नाही. म्हणजे मोजलं, पण लक्ष दिलं नाही. बुधवारी संध्याकाळी प्रार्थना झाली तेव्हा गव्हाणीत सात काड्या होत्या. गुरुवारी सकाळी दाढी करायच्या आधी पाहिलं तर सहा. गुरुवारी रात्री जेवणानंतर नऊ, शुक्रवारी सकाळी आठ. शनिवारीही तेच. रोज रात्री माल बरोबर, रोज सकाळी एक नग शॉर्ट. ट्रकच्या बाबतीत असं झालं तर मी सांगेन की हे काम आतल्या माणसाचं आहे आणि तो माणूस शिस्तीचा आहे. चोर कधी दोन नेतो, कधी पाच नेतो. रोज एक नेणारा चोर मी पाहिलेला नव्हता.

घरात कुणीतरी रोज न चुकता एक पाप करत होतं.

संशय सरळ मुलीवर गेला. वय सतरा, फोन उपडा ठेवायची सवय, आणि रोज संध्याकाळी ‘जरा राउंड मारून येते.’ सोमवारी मी ऑफिसातून लवकर निघालो आणि ती निघाल्यावर मागोमाग गेलो. होल्डिंग पाँडच्या, म्हणजे पावसाचं पाणी साठवायच्या तळ्याच्या, कडेने लोक चालायला येतात, तिथल्या नारळपाणीवाल्याच्या गाडीआड उभा राहिलो. समोर बाकावर माझी मुलगी आणि तिच्या क्लासमधला एक मुलगा. दोघांच्या मध्ये एक वही. मी तीन वेळा नारळपाणी मागवलं, कारण नुसतं उभं राहिल्यावर गाडीवाला माझ्याकडेच संशयाने बघायला लागला होता. तिसऱ्या शहाळ्याला स्ट्रॉ लावून मान वर केली तर मुलगी समोर उभी.

“पप्पा, आम्ही ऑर्गॅनिक केमिस्ट्री करतोय,” ती म्हणाली. “आणि आता घरी गेल्यावर तुम्ही एक काडी काढा. पाळत ठेवल्याबद्दल.”

तो मुलगा मागून ‘नमस्ते अंकल’ म्हणाला. एवढा अदबीने म्हणाला की माझा संशय वाढलाच, पण पोटात तीन शहाळी असलेल्या माणसाला फार वेळ तिथे थांबता येत नाही. घरी येऊन मी मुकाट्याने एक काडी काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी हिशेबाप्रमाणे आणखी एक कमी होतीच.

मग बायको. ती आठवडाभर किचनमध्ये दार लोटून फोनवर बोलत होती, तेही वसईच्या त्यांच्या बोलीत. लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी त्या बोलीतलं मला जेवणाचं आणि शिव्यांचं तेवढं कळतं. मी दाराला कान लावला. जेवणाचे शब्द बरेच आले, शिव्यांचेही दोन-तीन आले. दार आतून उघडलं तेव्हा मी कानासकट आत गेलो. तिच्या भावाने नाताळाला बदकं पाठवायचं कबूल केलं होतं आणि आता तो फिरला होता. शिव्या त्याला होत्या. मी काड्यांचा विषय काढला. ती म्हणाली, “मी तर रोज एक टाकतेच. तुम्हाला सहन करते त्याची.”

आईचा मी विचार केला नाही, असं नाही. केला आणि सोडून दिला. जिने पस्तीस वर्षांत औषधाच्या कपाटातली एक गोळी इकडची तिकडे होऊ दिली नाही, ती बाळाचा पेंढा कशाला नेईल? उलट दिवसभर तिचं काहीतरी चाललेलं असायचं. शेजारच्या आजोबांचं बीपी बघून ये, मुलीच्या ओढणीला पिको नाही तर हाताने दुमड घाल, बायकोला लसूण सोलून दे. संध्याकाळी हिच्या चार काड्या तरी यायला हव्यात. ती एकच टाकायची, तीही कडेला. त्या पंधरवड्यात ती माझ्याशी थोडं कमी बोलत होती. ते मी थंडीवर घातलं. नेरूळमध्ये थंडी कसली? पण मी घातलं.

तिसऱ्या रविवारी, गुलाबी मेणबत्तीच्या दिवशी, आमच्याकडे कुलकुल करायचे असतात. मैद्याच्या गोळ्या जेवणाच्या काट्याच्या पाठीवर वळायच्या आणि तळायच्या. सगळे जेवणाच्या टेबलाभोवती बसतात, आणि मला दरवर्षी सांगितलं जातं की तुमचे कुलकुल नटबोल्टसारखे दिसतात. ते वळता वळता मला सापळा सुचला. सगळे आवरायला उठल्यावर मी मूठभर मैदा शोकेसवर, गव्हाणीच्या चारही बाजूंना, हलक्या हाताने पसरला. सकाळी बोटांचे ठसे मिळतील. लहान बोटं की मोठी, बांगडीचा घासा आहे की घड्याळाचा, सगळं कळेल. स्वतःवर एवढा खूश होतो की मला लवकर झोप लागली.

सकाळी शोकेस लख्ख पुसलेली. गव्हाणीत एक काडी कमी. आणि आई चहा घेता घेता सुनेला सांगत होती की मैदा सांडून ठेवतात, मुंग्या होतील, या घरात कुणाला दिसत नाही का. मी म्हटलं, पुसायच्या आधी काही ठसेबिसे दिसले का? आईने माझ्याकडे रुग्णाकडे बघतात तसं बघितलं.

तरीही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. एवढंच कळलं की काम पहाटे होतं. म्हणून मंगळवारी साडेचारला आईच्या प्रार्थनेचा आवाज सुरू झाला तसा मी उठलो आणि किचनच्या दाराआड पाण्याचा ग्लास घेऊन उभा राहिलो. बराच वेळ उभा होतो. आईची प्रार्थना मी वर्षानुवर्षं भिंतीपलीकडून आवाज म्हणून ऐकली होती, शब्द म्हणून कधी नाही. त्या दिवशी खोलीचं दार उघडं होतं. ती आमची सगळ्यांची नावं घेत होती. मुलीचं, सुनेचं, थोरल्याचं. माझं नाव आल्यावर थांबली. परत सुरू केलं, परत थांबली. मग ‘आमेन’ म्हणाली आणि उठली.

बाहेर आली. दिवा न लावता, चष्मा नाकावर खाली ओढून, शोकेससमोर वाकली. दोन बोटांत एक काडी धरली आणि बाकीचं न हलवता अलगद ओढून घेतली. जखमेचे टाके काढतात तशी.

माझ्या मनात पहिला विचार काय यावा? की हिला अजून ही वसईची रीत पटलेली नाही आणि ही गुपचूप ती मोडून काढतेय. वीस वर्षांच्या धंद्याचं हे फळ. मी ग्लास घेऊन पुढे झालो आणि गेटवर ट्रक अडवावा तसा तिला विचारता झालो की काय चाललंय.

ती दचकली नाही. काडी हातातच होती.

“नियम तुझाच ना?” ती म्हणाली. “विचारानंसुद्धा, असं म्हणाला होतास.”

“हो. पण तू काय वाईट विचार करणार, आई?”

“तुझा राग येतो. रोज प्रार्थनेला बसते, तुझं नाव आलं की येतो. क्षमा करावी म्हणते, होत नाही. मग एक काढते. जेवढं चुकलं तेवढंच, जास्त नाही.”

मी विचारलं, माझा राग कशाचा. विचारता विचारताच मला कळलं, आणि तरी विचारून झालं.

“चांदणी बांधताना तू तुझ्या भावाशी बोललास,” ती म्हणाली. “स्वयंपाकघराची खिडकी गॅलरीत उघडते रे. मी आत कांदा चिरत होते.”

अकरा वर्षं त्या घरात राहतोय. ती खिडकी मी स्वतः सरकवून घेतली होती, फोडणीचा धूर जावा म्हणून.

मग मी बोलायला लागलो, आणि जे बोलायचं नसतं ते सगळं बोललो. तिकडची हवा चांगली, तिकडे तिच्या ओळखीची माणसं, मुलीचं वर्ष महत्त्वाचं, दोन-चार महिन्यांचा तर प्रश्न. कायमचं ठरवलं होतं ते दोन-चार महिन्यांवर आणलं, म्हणजे तिथेही काट्यावर वजन कमी दाखवलं. ती ऐकत होती. माझं संपल्यावर तिने काडी पदराच्या टोकात गुंडाळली.

“तुम्ही दोघांनी मला वाटून घेतलं,” ती म्हणाली. “घ्या. लहानपणी मीही तुम्हा दोघांत सगळं वाटलं. पण तेव्हा कुणाला काय पाहिजे ते मी विचारत होते.”

“आता विचारतो. तुला काय पाहिजे, आई? इथे राहायचं की तिकडे जायचं?”

एवढं एक वाक्य विचारलं आणि हातातलं पाणी मला तेव्हा पहिल्यांदा उपयोगी आलं.

आईने रिकामा ग्लास माझ्या हातातून काढून घेतला. मग म्हणाली, “चोवीस तारखेला सांगते,” आणि चहा ठेवायला गेली.

पुढचे दिवस कसे काढले ते मला विचारू नका. नाताळाचे दिवस मोजायची ही सगळी रीत आनंदासाठी असते म्हणतात. मी मात्र परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखा तारखा मोजत होतो. आईने जुनी बॅग धुवून गॅलरीत वाळत घातली, म्हणजे जाणार. तिने भाजीवालीला सांगितलं की जानेवारीत हरभरा आला की मला बाजूला ठेव, म्हणजे राहणार. शेजारच्या आजोबांना त्यांच्या गोळ्यांचा कागद मोठ्या अक्षरात लिहून दिला, म्हणजे जाणार. मी प्रत्येक गोष्टीचा अर्थ लावत होतो आणि बायको म्हणत होती की तुम्ही गप्प बसलात तर तुमच्या नावाची एक काडी मी टाकेन. आई मात्र सकाळी आपली एक काढतच होती. मी एकदा भीतभीत विचारलं, अजून राग आहे का? म्हणाली, कमी आहे, पण आहे. नोंद खोटी करता येत नाही.

मुलीला मी सगळं सांगितलं, जरा माझी बाजू बरी दिसेल अशा बेताने. तिने हेडफोन काढले. म्हणाली, मी खोली मागितली कधी? साडेचारला आजी उठते म्हणून मी उठते. ती मला चहा देते, मग मी अभ्यासाला बसते. अलार्म तर मी झोपेतच बंद करते. तुम्ही मला एकदा तरी विचारलंत का पप्पा? घरात आणखी एका माणसाला विचारायचं राहिलं होतं, हे मला असं कळलं.

चोवीस तारखेला संध्याकाळी आम्ही चर्चला जायचे कपडे घालून हॉलमध्ये जमलो. चारही मेणबत्त्या पेटवल्या. गव्हाणीत पेंढा बेताचाच होता, पण लाकूड दिसत नव्हतं. बायकोने मूर्तीभोवतीचा कापूस काढला आणि रिवाजाप्रमाणे घरातल्या मोठ्या माणसाच्या, म्हणजे आईच्या, हातात बाळ दिलं. आईने ते निजवलं नाही. तसंच हातात धरून माझ्याकडे वळली.

“मी नगरला जाणार आहे,” ती म्हणाली.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मुलगी खाली बघायला लागली. मी कुठे बघावं ते मला सुचेना.

“जानेवारीत. पंधरा दिवस. तुझ्या वडिलांच्या कबरीला रंग द्यायचाय, आमच्या हॉस्पिटलातल्या दोघी-तिघी उरल्यात त्यांना भेटायचंय. मग परत येणार. जायचं तू ठरवलंस, यायचं मी ठरवते. दोन्ही तिकिटं आत्ता काढ.”

मी म्हटलं, आई, चर्चला उशीर होतोय, उद्या काढतो. ती जागची हलली नाही. बाळ तिच्या हातात होतं, त्यामुळे नाताळच अडून राहिला होता. मी फोन काढला. जायची बस मिळाली, यायची मिळाली. तिने चष्मा नीट केला आणि फोन हातात मागितला. जायच्या तिकिटाकडे तिने पाहिलंही नाही. परतीचं उघडायला लावलं, आणि तारीख, वार, वेळ असं बोट फिरवत वाचलं. मी ज्या नजरेने आयुष्यभर बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, तपासल्या ती नजर मी कुठून उचलली ते तेव्हा मला समजलं.

“मंगळवारचं आहे हे,” ती म्हणाली. “मंगळवार नको. सोमवारचं कर.”

मी विचारलं, एका दिवसाने काय बिघडतंय?

“मंगळवारी सकाळी हिचं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल आहे. उठवायला कुणी नको?”

मी मुलीकडे वळून पाहिलं, खात्री करून घ्यायला. ती मानेने हो म्हणाली. मी तिकीट रद्द करून सोमवारचं काढलं आणि फोन पुन्हा आईसमोर धरला. तिने ते पहिल्यापासून परत वाचलं.